फाट्यावरचा खांब

११ जानेवारी

चि. सूनबाई,

तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आधी भिंगरीची परवानगी काढावी लागते. रोज संध्याकाळी शाळेतल्या सगळ्या भांडणांचा न्याय माझ्याकडून करून घेते आणि वर "आई दमलीय" म्हणून फोन ठेवून देते. नात माझी, पण वागते ठाणेदारासारखी. म्हणून हे पत्र. तिला वाचून दाखवू नकोस, नाहीतर उत्तरही तीच सांगेल.

तुम्ही दोघी गेल्यापासून घर खायला उठतं. तुझं आणि आमच्या दिवट्याचं पटत नव्हतं, ते मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. कोर्टाने सोडवलं ते बरंच केलं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण तो तिकडे भाड्याच्या खोलीत, तू नोकरीसाठी परगावी, आणि मी इथे चार खोल्यांत एकटा. भिंगरीला शाळेत सोडायची वेळ झाली की अजून पाय आपोआप चपलेत जातात.

माझा चेहरा बघून खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण म्हणाली, "आप्पा, रविवारी आमच्याबरोबर चालायला या." शहराला चिकटून ते मोठं राखीव रान आहे ना, तिथे यांचा गट जातो. बस शेवटच्या थांब्यावर सोडते. एका बाजूला गॅरेज, पंक्चरवाला, गच्चीवर वाळणारे कपडे. रस्ता ओलांडून फाटकातून आत गेलं की झाडंच झाडं. जन्मभर मी लिफ्टची जोडणी-दुरुस्ती केली. लोकांना उभ्या जागी वर पोचवायचं, हा माझा धंदा. आणि आता म्हातारपणी पायांनी डोंगर चढतोय! पहिल्याच चढावर असा दम लागला की वाटलं, दोन मजल्यांच्या मधे अडकलो.

यांची पद्धत मात्र मला फार आवडली. डॉक्टरीण सगळ्यात पुढे, ती म्होरकी. सगळ्यात मागे चष्म्याच्या दुकानाचे मालक, ते शेपूट. वाटेला फाटा आला की म्होरकीच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथे थांबायचं. तो खांब. येणाऱ्या प्रत्येकाला त्याने वाट दाखवायची आणि शेपूट येईपर्यंत जागचं हलायचं नाही, मग रानडुक्कर येवो नाहीतर पाऊस. शेपूट आलं की त्याच्याबरोबर मागून चालू लागायचं. अशाने कुणी चुकत नाही, आणि पुढे पुढे करणाऱ्याला मागे यावंच लागतं. दिवट्याला लहानपणी असल्या गटात घालायला हवं होतं.

वेळेवर जेवत जा.

आप्पा

२९ जानेवारी

ती. आप्पांना नमस्कार.

पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलंत. दोन पेशंटांच्या मधे, एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून वाचलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारी हात मोडलेले एक आजोबा होते, ते म्हणाले, "बरी बातमी दिसते." म्हटलं, "आमचे आप्पा डोंगर चढायला लागलेत." ते म्हणाले, "मग लवकरच इथे येतील."

तेव्हा जपून. उतरताना गुडघे जास्त दुखतात, चढताना नाही. काठी घ्या, लाज वाटून घेऊ नका. आणि पाण्याची बाटली स्वतःची न्या, लोकांच्या तोंडाकडे बघू नका.

भिंगरी ठीक आहे. सायकल शिकतेय. परवा साखळी तुटली तर तिच्या शाळेत सुतारकाम शिकवणारे मास्तर आहेत, त्यांनी घरी येऊन बसवून दिली. ही बाईसाहेब कमरेवर हात ठेवून म्हणते, "आमचे आप्पा यापेक्षा छान बसवतात." मास्तर बिचारे म्हणाले, "बसवत असतील."

आप्पा, घर तुम्हालाच नाही, मलाही खायला उठतं. माझी आई लवकर गेली, बाबाही लग्नाच्या आधी गेले. तुमच्या घरात आले तेव्हा सासऱ्याची धास्ती वाटायची. आणि रात्रपाळीहून यायच्या आधी माझं ताट झाकून ठेवायचात ते तुम्हीच. इथे ताट मीच झाकते आणि मीच उघडते. तुमचा मुलगा आणि मी वेगळे झालो, तुम्ही आणि मी नाही झालो. हे तोंडावर म्हणता आलं नसतं, पत्रात लिहिता येतं.

तुमची सून

२० फेब्रुवारी

चि. सूनबाई,

काठी घेतली. आता समाधान?

या रविवारी मला खांब केलं. तळ्याच्या वरच्या फाट्यावर. आधी वाटलं, काय ही शिक्षा, एकटं उभं राहायचं. पण मजा आली ग. खांबाजवळ येऊन प्रत्येकजण जरा टेकतो, घाम पुसतो आणि काहीतरी बोलून जातो. एका बाईने मुलाच्या परीक्षेचं सांगितलं, एकाने नोकरी सुटल्याचं. मी आपला "डावीकडे, डावीकडे" करत होतो. मधे कुणीच नव्हतं तेव्हा एक कोल्हा वाट ओलांडून गेला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वर खडकावर पोचलो की सगळं शहर खाली दिसतं. आवाज येत नाही, नुसतं दिसतं. मी ऐटीत सांगितलं, "ती उंच निळी इमारत आहे ना, तिची लिफ्ट मी बसवलीय." तर मागून एक बाई म्हणते, "अगंबाई, तीच का, कायम बंद असते ती?" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार!

दिवटा हल्ली दर बुधवारी येतो. जेवला की स्वतःचं ताट घासतो. तू म्हणशील, आप्पा थापा मारतात. देवाशपथ. आवाज चढवत नाही, मान खाली घालून बसतो. परवा हळूच विचारलं, "सायकल येते का तिला?" माणूस बदलतो, सूनबाई. मी काही सुचवत नाहीये. बरं, सुचवतोय.

आणि त्या सुतारमास्तरांना सायकलीतलं काय कळतं? ब्रेकची तार एकदा दुकानात दाखवून आण.

आप्पा

१६ मार्च

ती. आप्पांना नमस्कार.

ब्रेक दाखवला. व्यवस्थित आहे. मास्तरांना तुमचं म्हणणं सांगितलं नाही.

तुमच्या बुधवारच्या पाहुण्याबद्दल लिहिलंत. तो सुधारत असेल तर मला मनापासून बरं वाटेल. त्याहून जास्त आत्ता लिहीत नाही.

एप्रिलमध्ये भिंगरीला सुट्टी आहे. आम्ही दोघी येतोय, तीन दिवस राहू. मला तुम्हाला एक सांगायचंय आणि ते पत्रात सांगण्यासारखं नाही, तुमच्या समोर बसूनच सांगायला हवं. घाबरू नका, वाईट काही नाही. कितीतरी दिवस मनात घोळतंय. कुणाचा आशीर्वाद हवा असेल तर तो फक्त तुमचा. तो मिळाला नाही तर माझं पाऊल पुढे पडणार नाही, इतकं खरं.

भिंगरीला रान बघायचंय. रविवारी आम्हाला घेऊन जाल ना?

तुमची सून

२२ मार्च

सूनबाई!

अग, आशीर्वाद मागतेस काय? कधीचा काढून तयार ठेवलाय! पत्र वाचलं आणि घरभर फिरलो. एकट्याने किती फिरणार, म्हणून खाली जाऊन डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं. "नक्की तेच लिहिलंय का?" म्हणाल्या. दात काढणाऱ्या बाया, त्यांना प्रत्येक गोष्टीत कीड दिसते.

तुमच्या खोलीला रंग देतोय. भिंगरीचा आवडता पिवळा. कपाटाचं दार करकरत होतं, तेल घातलं.

रविवारचं असं ठरवलंय. भिंगरी माझ्याबरोबर पुढे चालेल. तू मागे चाल, शेपटाबरोबर. चष्मेवाले भले गृहस्थ आहेत, कंटाळा येणार नाही. का म्हणून विचारू नकोस. तुझ्यासाठी एक गंमत ठेवलीय.

आप्पा

१८ एप्रिल

चि. सूनबाई,

तुम्ही सुखरूप पोचलात हे भिंगरीने फोनवर सांगितलं. तुला बोलायला वेळ मिळाला नाही म्हणाली. असू दे. बोलायचं ते झालंच की!

म्हाताऱ्याची युक्ती कशी वाटली? तिसऱ्या फाट्यावर दिवट्याला खांब करायचं, हे मी म्होरकीकडे अगदी हट्टाने मागून घेतलं होतं. तू शेपटाबरोबर, तो आधीच्या बसने येऊन तिथे खांब. नियमच असा की शेपूट आल्यावर खांबाने त्याच्याबरोबरच चालायचं. म्हणजे तिथून पुढे तुम्ही दोघं बरोबर! लिफ्टची जोडणीसुद्धा मी इतकी चोख कधी केली नसेल.

वर खडकावर मी आणि भिंगरी चहाचा थर्मास घेऊन बसलो होतो. बघतो तर चष्मेवाले एकटेच आले. शेपूट कुणाला मागे ठेवून येत नाही, म्हणून मी उठूनच उभा राहिलो. पण ते म्हणाले, "दोघं बोलत बसलेत. मला म्हणाले, पुढे व्हा." मी त्यांना मिठीच मारली. मग खूप वेळाने तुम्ही आलात, तुझे डोळे लाल, त्याचेही लाल. मी काही विचारलं नाही. विचारायचं काय? भिंगरी तेवढी गप्प गप्प होती, चढाने दमली असेल.

तू दोन्ही रात्री माझ्यासमोर येऊन बसलीस आणि "उद्या सांगते" म्हणून उठलीस. लाजतेस काय माझ्यापुढे? नाही सांगितलंस तरी मला कळलं. दिवट्यानेही अजून तोंड उघडलेलं नाही. सावकाश सांगा. खोली तयार आहे.

आप्पा

२७ एप्रिल

ती. आप्पांना नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता एका दमात लिहिते, तुम्ही एका दमात वाचा.

मी लग्न करतेय, आप्पा. मास्तरांशी. तेच सांगायला आले होते.

तुमच्या गमतीबद्दल मला राग आलेला नाही. तिसऱ्या फाट्यावर त्याला बघितलं तेव्हा आधी मागेच वळले, खरं सांगते. पण तो म्हणाला, "मला माहीत आहे. भिंगरीने सांगितलं." आप्पांना सांगू नकोस, मी सांगणार आहे, अशी ताकीद मी तिला दिली होती, बाबाला सांगू नकोस म्हणायचं राहून गेलं. तो म्हणाला, "आप्पांनी मला इथे का उभं केलंय ते कळत होतं, पण त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना." मग आम्ही दोघं त्या दगडावर बसलो आणि चष्मेवाल्यांना पुढे पाठवलं. नवरा-बायको होतो तेव्हा इतकं नीट कधी बोललो नाही. त्याने माझी क्षमा मागितली, मी त्याची. तो खरंच बदललाय, तुम्ही थापा मारत नव्हतात. पण त्याचं बदलणं माझ्यासाठी नाही आणि माझं थांबणंही त्याच्यासाठी नाही. हे त्यालाच आधी कळलं. शेवटी म्हणाला, "आप्पांना मात्र तूच सांग. माझी छाती होत नाही." त्यावर आम्ही दोघंही रडलो.

वर आलो तर तुम्ही थर्मासचं झाकण हातात धरून आमच्याकडे असे बघत होतात की मी नुसता चहाच मागितला. घरी परतले तर पुन्हा ती पिवळी खोली. दोन्ही रात्री येऊन बसले, तुम्ही माझ्यासाठी दूध गरम करत होतात. कसं सांगणार होते?

मास्तर शांत आहेत. फार बोलत नाहीत. त्यांच्याजवळ असलं की मला थकवा येत नाही. याहून जास्त कसं सांगू?

मी तुम्हाला दुखावलंय. पण आशीर्वाद अजून तुमचाच हवाय.

तुमची सून

२० मे

ती. आप्पांना नमस्कार.

पत्र नाही. रोज संध्याकाळी भिंगरीशी बोलता, हसता, आणि माझं नाव निघालं की "दारावर कुणीतरी आलंय" म्हणता. आप्पा, तुमच्या दारावर इतकी माणसं कधीपासून यायला लागली?

जूनच्या पंधरा तारखेला नोंदणी कार्यालयात लग्न आहे. साक्षीदाराची सही लागते. मास्तरांच्या बाजूने त्यांचा भाऊ आहे. माझ्या बाजूने माझे बाबा असायला हवे होते. ते नाहीत, तर तुम्ही. दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर तारीख पुढे ढकलू आणि तुमचा राग जायची वाट बघू. मास्तरांची त्याला तयारी आहे.

तुमची सून

२८ मे

मास्तर, नमस्कार.

आपली ओळख नाही. मी भिंगरीचा आजोबा. तिच्या आईला पत्र लिहायला बसलो की हात चालत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.

मला तुमचा राग आला होता हे आधी सांगून टाकतो. तुमचा दोष काही नाही. माझी आशा मोडली आणि ती कुणाच्या तरी डोक्यावर आपटायला हवी होती. दिवट्यावरही ओरडलो, तर तो उलटून बोलला नाही, माझ्या पाठीवरून हात फिरवत बसला. त्याने आणखीच रडू आलं. मग आमच्या म्होरकीने झापलं. म्हणाली, "आप्पा, फाट्यावर माणूस ठेवायचा तो वाट दाखवायला. तुम्ही वाट अडवायला ठेवलात." बरोबर बोलली. गेल्या रविवारी तिसऱ्या फाट्यावर मी स्वतः मागून घेऊन उभा राहिलो. डोकं थंड झालं.

तेव्हा मी येतोय. सही करतो. पोरगी एकटी सही करायला उभी राहावी, हे मला बघवणार नाही.

आता काही सांगून ठेवतो. ती रात्रपाळीहून आल्यावर लगेच बोलायला जाऊ नका. आधी खायला द्या, मग आपणहून बोलेल. रागावली की भांडी फार आवाज करत लावते, तेव्हा मधे पडू नका. आजारी असली तर सांगत नाही, ओळखावं लागतं. भिंगरीला ताप आला की गोष्ट लागते आणि गोष्टीत कुणी मेलेलं चालत नाही. ती हरली की खेळ उधळते, तरी मुद्दाम हरू नका, तिला कळतं.

आणि एक विचारायचंय. तिच्या आईला विचारायचा धीर नाही. सून होती म्हणून नात घरात होती. उद्या भिंगरी तुमच्या घरची होईल. तुमचे आईवडील तिचे आजी-आजोबा होतील, व्हायलाच हवेत. तुमचं नवं घर, नवी माणसं. त्यात जुन्या घरचा म्हातारा सारखा फोन करतो, सुट्टीला ये म्हणतो, हे कुणाला आवडेल? मला तिच्याशिवाय जगता येईल, माणूस जगतोच. पण इथे रानात चालताना ज्याला त्याला मी नातीचं सांगत सुटतो. तर ते सांगत राहू का नको? त्या घरात माझी काही जागा आहे का? गोड लिहू नका, खरं लिहा.

आप्पा

३ जून

ती. आप्पांना नमस्कार.

मला चांगलं लिहिता येत नाही, मुलांच्या कामावर शेरे मारण्यापलीकडे कधी लिहिलेलं नाही. तुमचं पत्र कुणाला दाखवलं नाही. भांड्यांचं वाचून मात्र फार उपयोग झाला, परवाच मधे पडलो होतो.

तुम्ही खरं लिहा म्हणालात, म्हणून झालं तसं लिहितो. मी भिंगरीच्या आईला लग्नाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, भिंगरीला विचारा. मी तिला विचारलं. ती शाळेच्या कार्यशाळेत लाकूड घासत होती. हातातलं काम न सोडता म्हणाली, "तुम्ही आलात तर आप्पांना जावं लागेल का?" मी म्हटलं, "मुळीच नाही." ती म्हणाली, "मग आधी त्यांना विचारा. ते हो म्हणाले तर मी हो."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जातो तो पाहुण्यासारखा. भिंगरी पाणी आणून देते, गृहपाठ दाखवते, सगळं करते. पण जेवायच्या टेबलाशी चार खुर्च्या आहेत. एक तिची, एक तिच्या आईची, तिसऱ्या खुर्चीवर तिचं दप्तर असतं. चौथ्या खुर्चीवर मी एकदा बसलो, तर मला उठवलं. "ती आप्पांची आहे." तुम्ही या घरात एकदाही आलेला नाहीत, आप्पा, तरी ती खुर्ची तुमची आहे. मी अजून स्टुलावर बसून जेवतो.

तेव्हा जागेचं मला विचारू नका. तुमची ठरलेली आहे, माझीच ठरायचीय. तुम्ही येऊन भिंगरीला हो सांगितलंत, तर ती दप्तर उचलेल आणि मला बसता येईल.

पंधरापर्यंत थांबू नका, आधीच या. शनिवारी दुपारच्या गाडीला मी आणि भिंगरी स्टेशनवर उभे असू.

आपला,
मास्तर